राइम रॉयल राजाने घडवलेलं नाही

मध्ययुगीन इंग्रजी कवितेतल्या ‘राइम रॉयल’ या सात ओळींच्या कडव्याबद्दल एक गोष्ट सारखी फिरत असते: स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स याने ते घडवलं, त्याच्यावरूनच त्याला ‘रॉयल’ म्हणतात, आणि स्कॉटलंडातून ते इंग्लंडात गेलं. चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर याची कमाई अशी राजाच्या खात्यावर जमा झालेली मला बघवत नाही.

आधी ‘घडवलं’चं बघू. जेम्सचा जन्म १३९४चा. १४०० साली चॉसर वारला तेव्हा हा जेमतेम सहा वर्षांचा. चॉसरचं ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ हे ट्रॉयच्या राजपुत्रावरचं दीर्घकाव्य १३८०च्या दशकातलं. त्यात हे कडवं तब्बल १,१७७ वेळा येतं, एकूण ८,२३९ ओळी. आणि हात किती तयार होता ते पहिल्याच कडव्यात दिसतं. यमकांची रचना अबअबबकक, म्हणजे सारख्या अक्षराच्या ओळींचं यमक सारखं. दुसऱ्या ओळीच्या ‘ट्रोये’ला चौथीचं ‘जोये’ जुळलं की चार ओळींचा चौक पुरा झाला असं कानाला वाटतं. तेवढ्यात पाचवी ओळ तेच यमक पुन्हा घेऊन येते, ‘फ्रो ये’. ट्रॉयलसचं दुहेरी दुःख सांगायचा माझा बेत आहे, हे वाक्याचं मुख्य अंगही याच ओळीत उघड होतं: तुमचा निरोप घेण्याआधी ते सांगेन, असं कवी म्हणतो. उरलेल्या दोन ओळींत सूडदेवता टिसिफोनीला हाक: मी लिहितो तशी रडणारी ही कवनं रचायला मदत कर. सगळी मेख त्या पाचव्या ओळीत आहे.

स्कॉटलंडातून इंग्लंडात? उलट. १४०६ साली जेम्स समुद्रात पकडला गेला आणि अठरा वर्षं इंग्रजांच्या कैदेत राहिला. त्याच्या नावावर असलेली ‘द किंगिस क्वेअर’ याच कडव्यात आहे, हे खरंच. पण तिच्या शेवटी तिचा कवी चॉसर आणि त्याचा समकालीन इंग्रजी कवी गॉवर यांना आपले गुरू म्हणतो, आणि काव्य त्यांनाच वाहतो.

राहिलं नाव. १५७५ साली इंग्रजी कवी गॅस्कॉइनने ‘राइम रॉयल’ समजावून सांगितलं, तेव्हा कारण दिलं ते कडव्याच्या थाटाचं: हा राजेशाही प्रकार आहे, गंभीर विषयाला शोभतो. जेम्सचं नावही तिथे नाही. आणि १५८४ साली पहिल्या जेम्सच्याच थेट वंशातल्या सहाव्या जेम्सने, स्वतः राजा असताना, स्कॉट्स कवितेचे नियम छापले. त्यात त्याने या कडव्याचं नाव सांगितलं: ‘ट्रॉयलस व्हर्स’.