तेवढा एकच फोटो राहिलाय

आमच्या साहेबांचं ठाम मत आहे की युजर मॅन्युअलमधला मजकूर कुणी वाचत नाही, लोक फक्त फोटो बघतात. खरंय म्हणा, मी मॅन्युअल लिहायचा पगार घेतो पण घरी मिक्सर आणला तेव्हा त्यातलं पुस्तक आम्ही खोक्याबरोबर माळ्यावर टाकलं. तर हुकूम असा सुटला की पतसंस्थांना आपण जे सॉफ्टवेअर देतो ते कसं टाकायचं याचं मराठीत पुस्तक करा, प्रत्येक क्लिकला एक स्क्रीनशॉट, मधली एकही पायरी गाळायची नाही, समोर रिटायरमेंटला आलेले कॅशियर काका बसलेत असं धरून चाला.

केलं. डाउनलोडचा फोटो, फोल्डरचा फोटो, सेटअपच्या आयकॉनभोवती लाल गोल काढलेला फोटो. राहिला फक्त एक, सेटअपवर डबल क्लिक केल्या केल्या अख्खी स्क्रीन काळवंडते आणि मधोमध एक खिडकी उगवून विचारते की या ॲपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का, येस का नो. आणि लोक घाबरतात ते नेमके इथंच, बाकी कुठंच नाही. "अहो स्क्रीन काळी पडली हो, मी कशालाच हात लावलेला नाही," असे फोन सपोर्टला रोज येतात. म्हणजे ज्या पानासाठी पुस्तक काढायचं तेच पान कोरं.

प्रिंटस्क्रीन दाबलं, येस म्हणून बाहेर आलो, वर्डमध्ये पेस्ट केलं तर पान १२ वर आलं, "रवा अर्धा किलो, खडा हिंग, कपड्याचा साबण, येताना दळण". सकाळी बायकोचा मेसेज कॉपी केलेला तो तसाच क्लिपबोर्डवर बसून होता, नवीन काही आलंच नव्हतं तिथं. मग स्निपिंग टूलला, म्हणजे विंडोजच्याच स्क्रीनशॉट काढायच्या प्रोग्रामला, टायमर लावून बघितला, तर ते बिचारं आपल्या नेहमीच्या डेस्कटॉपवर ताटकळत बसलेलं, खिडकीचा पत्ताच नाही. स्क्रीन रेकॉर्डरनेही हात टेकले.

आता हे असं का होतं ते शोधलं, आणि शोधल्यावर राग थोडा उतरला हे मान्य करतो. ही खिडकी यूएसीची, म्हणजे युजर अकाउंट कंट्रोलची, २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आली आणि तेव्हा तिने लोकांचं डोकं इतकं खाल्लं की पुढं २००९ मध्ये विंडोज ७ च्या सेटिंगमध्ये चार खाचांची एक सरकती पट्टी द्यावी लागली, किती वेळा विचारायचं ते तुम्हीच ठरवा म्हणून. तर ती खिडकी आपल्या डेस्कटॉपवर उघडतच नाही. तिच्यासाठी वेगळाच डेस्कटॉप असतो, सिक्युअर डेस्कटॉप, आणि तिथं फक्त सिस्टिमच्या स्वतःच्या प्रोग्रामांना प्रवेश. देवळाच्या गाभाऱ्यात पुजारी सोडून कुणी नाही आणि फोटो काढण्यास सक्त मनाई, तशातला प्रकार. कारणही पटण्यासारखं आहे, उद्या एखादा चोरटा प्रोग्राम आला आणि आपल्या वतीने गुपचूप येसवर क्लिक मारून मोकळा झाला, किंवा खिडकीवर दुसरीच पाटी चिकटवून आपल्याला फसवलं, तर विचारण्यात काय अर्थ राहिला? म्हणून बाकी सगळ्यांना बाहेर काढून दार लावून विचारायचं. त्या बाहेर काढलेल्यांत आपलं स्क्रीनशॉटचं टूल पण आलं, त्याला कोण ओळखतंय.

पण खरी चीड पुढंच आहे. ती मागं काळवंडलेली स्क्रीन दिसते ना, ती आपली स्क्रीन नसतेच मुळी! विंडोज त्या क्षणी आपल्या डेस्कटॉपचा फोटो काढते, तो जरा काळा करते आणि पडद्यासारखा मागं टांगते. खोटं वाटत असेल तर एखादं गाणं लावून बघा, गाणं चालू राहतं आणि व्हिडिओतला गायक आ वासून थिजतो. म्हणजे माझ्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट ती न विचारता काढणार, आणि तिचा मी काढायचा म्हणलं तर सुरक्षा! वा रे न्याय.

साहेब म्हणले मोबाईलने काढा की. काढला. स्क्रीनवर इंद्रधनुष्याच्या लाटा, मध्ये ट्यूबलाइट, आणि नीट बघितलं तर येसच्या बटणावर माझं टक्कल. पुस्तक लॅमिनेट करून वाटायचं होतं, मी नको म्हणलं.

उपाय आहेत हो, नाहीत असं नाही. त्या चार खाचांच्या पट्टीवर वरून तिसऱ्या खाचेला आणलं की विंडोज विचारते पण स्क्रीन काळी करत नाही, खिडकी साध्या डेस्कटॉपवर येते आणि मग प्रिंटस्क्रीन खुशाल चालतं, फक्त काम झालं की पट्टी आठवणीने जागेवर न्यायची. पण ऑफिसच्या मशीनवर ती पट्टी आयटीवाल्याने लॉक केलेली. त्याला विचारलं, एका फोटोपुरतं सोड बाबा, तर म्हणाला मेल टाका, कारण लिहा. मी कारण लिहिलं, "यूएसीचा फोटो हवा आहे." तो मेल त्याने आजतागायत कुणाला दाखवला नसेल असं मी धरून चालतो.

शेवटी घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन टाकलं. म्हणजे विंडोजच्या आत अजून एक विंडोज, आतलीने दार लावून कितीही गुप्तपणे विचारलं तरी बाहेरचीच्या दृष्टीने ते नुसतं एका चौकटीतलं चित्र, काढा फोटो. लॅपटॉपचा पंखा असा घोंगावला की आई आतून विचारायला आली, पीठ मळायचं मशीन आणलं का. पण फोटो आला! निळी पट्टी, खाली येस, नो, ठळक, सरळ, टक्कल नाही. येसभोवती लाल गोल काढला, बाण काढला, "घाबरू नका, इथे क्लिक करा" असं लिहिलं आणि पुस्तक छापायला गेलं.

पहिल्याच आठवड्यात एका पतसंस्थेतून कॅशियर काकांचा फोन.

"साहेब, तुमच्या पुस्तकात १२ नंबरच्या पानावर येस-नो आहे. आमच्याकडं पासवर्ड मागतोय."

बरोबरच होतं त्यांचं. ॲडमिनच्या अकाउंटने बसलं तर नुसतं येस-नो येतं, साध्या अकाउंटने बसलं तर तीच खिडकी ॲडमिनचा पासवर्ड मागते. आणि काकांना साधं अकाउंट दिलेलं, जे दिलंच पाहिजे.

"काका, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडं असतो तुमच्यात?"

"तो ज्या पोरानं कॉम्प्युटर बसवले त्याला ठाऊक."

"मग त्याला बोलवा ना."

"तो दुबईला असतो आता. चेअरमनसाहेबांच्या साडूचा मुलगा. दिवाळीला येईल म्हणतायत."

हे साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी शांतपणे पुस्तक उघडलं, पान १२ आणि १३ च्या मध्ये बोट ठेवलं आणि म्हणले, "इथं जागा आहे की. त्या पासवर्डवालीचा पण एक फोटो घ्या."