सहा तारांचं त्रांगडं

मॉड्युलर लेआउट, म्हणजे टेबलासारखे सुटे मॉड्यूल जोडून मांडलेली छोटी मॉडेल रेल्वे, लोक वरून बघतात, म्हणून त्यांना तो सुंदर वाटतो. डोंगर, बोगदा, पुलावरून डौलात निघालेली मालगाडी. आम्ही वायरिंगवाले तो खालून बघतो. पाठीवर झोपून, दातांत टॉर्च धरून, डोळ्यांत भुसा घेत. खालून बोगदा म्हणजे नुसतं भोक असतं आणि डोंगर म्हणजे थर्माकोल.

रुळांना वीज पुरवणाऱ्या दोन जाड तारांबद्दल माझी तक्रार नाही. पॉवरपोल नावाच्या कनेक्टरने त्या एकमेकींत अडकतात, आणि चुकल्या तर लगेच शॉर्ट होऊन गुन्हा कबूल करतात. माझं भांडण आहे ते गाड्यांना द्यायचे हुकूम वाहणाऱ्या कंट्रोल नेटवर्कच्या चपट्या केबलशी. ती चुकली तरी चालते. अर्धवट चालते. माणसाला फरशीवर लोळवायला एवढं पुरतं.

लोकोनेट नावाच्या अशा एका नेटवर्कचंच घ्या. आरजे-१२ प्लगमध्ये सहा पिना. मधल्या ३ आणि ४ वरून संदेश जातात, त्यांच्या शेजारच्या २ आणि ५ ग्राउंड. कडेच्या १ आणि ६ वर रेलसिंक, म्हणजे रुळांवरच्या डीसीसी (गाड्यांच्या डिजिटल नियंत्रणाच्या) सिग्नलचीच कमी ताकदीची नक्कल. बूस्टर, म्हणजे रुळांच्या आपापल्या हद्दीला वीज देणारा डबा, ती उचलतो आणि मोठी करून रुळांवर सोडतो. आता गंमत बघा. केबल उलटी झाली तरी ३ आणि ४ ची अदलाबदल होते, ते दोघं सारखेच. २ आणि ५ ची होते, तेही सारखेच. बिघडतं ते फक्त १ आणि ६ चं, आणि ते दोघं काही बोलत नाहीत.

पहिला चोर म्हणजे टेलिफोनची केबल. प्लग दिसायला तोच, पण आत तारा चारच. कडेच्या दोन खाचा रिकाम्या. संदेश व्यवस्थित जातो, बॅटरीवाल्या थ्रॉटलवर (गाडी चालवायच्या हातातल्या यंत्रावर) गाडी पळते, आणि केबल चांगली असल्याचा निर्वाळा मिळतो. मग तिच्या पुढचा बूस्टर मुका का, रेलसिंकच्याच विजेवर जगणारा बिनबॅटरीचा थ्रॉटल पेटत का नाही, यावर चर्चासत्र भरतं. प्लग उजेडात धरून तारा मोजायला पाच सेकंद लागतात, पण चर्चा जास्त रंगते.

दुसरा चोर सहा तारांचाच, पण उलटा. दोन्ही प्लग एका हातात शेजारी शेजारी धरा, दोन्हींचे खटके एकाच बाजूला, केबल खाली लोंबती. डावीकडून उजवीकडे रंगांचा क्रम दोन्हींत सारखा असेल तर केबल सरळ. आरशातल्यासारखा असेल तर उलटी. अशा केबलने एका बूस्टरचा सिग्नल शेजारच्या बूस्टरच्या विरुद्ध होतो. दोघंही आपापल्या हद्दीत गुणी बाळं. इंजिनाची चाकं दोन हद्दींमधल्या फटीवर आली की मात्र शॉर्ट, आणि सगळे त्या फटीतले रूळ घासत बसतात.

पण खरा कहर पुढेच आहे. उलट अधिक उलट म्हणजे सुलट. कमांड स्टेशन (सगळे हुकूम जिथून निघतात तो मुख्य डबा) आणि बूस्टर यांच्यामध्ये उलट्या केबल दोन किंवा चार असतील तर सगळं छान चालतं. मग कोणीतरी सद्‌हेतूने त्यातली एक काढतो, नवी, सरळ, निर्दोष केबल लावतो, आणि लेआउट बंद पडतो. जो सुधारायला गेला तोच आरोपी! दोन केबल जोडायचे छोटे जोडसुद्धा यात सामील असतात. टेलिफोनसाठी बनवलेले बरेचसे जोड आतून उलटेच असतात, डेटासाठीचे सरळ. बाहेरून दोघे जुळे.

केबल घरी बनवावी हे माझं ठाम मत, पण क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे तारांवर प्लग दाबून बसवण्यात, अतिउत्साह नको. वरचं आवरण साधारण ६ मिलिमीटर सोला. आतल्या बारीक तारा अजिबात सोलू नका. प्लगमधले दात इन्सुलेशन फोडून स्वतःच तांब्यापर्यंत पोहोचतात. सहाही तारांची टोकं प्लगच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि मागची पट्टी आवरणावर दाबली गेली पाहिजे. ती बारीक तारांवर बसली, तर केबल फक्त कोणी तिला हात लावेपर्यंतच चांगली असते. बहुपदरी तारेचा प्लग एकपदरी तारेवर दाबलात तर दातांना धड पकडच मिळत नाही. मग टेबलाला धक्का लागला की गाडी थांबते, आणि दुसरा धक्का लागला की पुन्हा निघते. आणि हा प्लग कॉम्प्युटर नेटवर्कच्या आठ पिनांच्या सॉकेटात कौतुकाने जातो म्हणून घालू नका. कडेच्या दोन पिना वाकवून बाहेर येतो.

एखाद्या सॉकेटात वाकलेल्या पिनेने संदेशाची तार ग्राउंडला टेकली, तर मात्र सगळं नेटवर्कच गप्प. बोलणारं प्रत्येक यंत्र ती तार क्षणभर खाली ओढून बोलतं. कायमची खाली ओढलेली असेल तर कोण काय बोलणार? अशा वेळी पहिल्या मॉड्यूलपासून एकेक प्लग हलवत जाणारी मंडळी दिसतात. तसं करू नका. १६ मॉड्यूल असतील तर मधोमध केबल काढा. कमांड स्टेशनकडचा अर्धा भाग जिवंत झाला तर दोष पलीकडे, नाहीतर अलीकडे. पुन्हा अर्धे करा. चार वेळा रांगलं की गुन्हेगार मॉड्यूल हाती लागतं. (त्याआधी कोणी हौसेने दुसरं कमांड स्टेशन जोडलेलं नाही ना, तेवढं बघा. एका लोकोनेटवर दोन मालक नांदत नाहीत.)

तपासून पास झालेल्या केबलला दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळा. नापास केबलचे दोन्ही प्लग तिथल्या तिथे कापून टाका. नुसती बाजूला ठेवलीत तर संध्याकाळी आवराआवर करताना कोणीतरी टापटिपीचा माणूस तिची सुबक गुंडाळी करून, रबर लावून, चांगल्या केबलच्या डब्यात सगळ्यात वर ठेवतो.