तपासणी पथक येतंय? घाबरू नका, भाजी पातळच राहू द्या

माध्यान्ह आहाराच्या तपासणीला पथक येणार असल्याचा फोन शिक्षण खात्याच्या भाग कार्यालयातून आला, की मुख्याध्यापकाने सगळ्यात आधी रंगारी गाठावा. आहाराचं नंतर बघता येईल. आहार येतो, मधल्या सुट्टीत खाल्ला जातो, घंटा होईपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही. भिंत मात्र जागची हलत नाही आणि पथक फोटो काढतं ते तिच्यासमोर. तिच्यावर अजून 'माध्यान्ह आहार योजना' असंच लिहिलेलं असेल तर तुमची शाळा 2021 च्या सप्टेंबरमध्ये अडकून पडली आहे. तेव्हापासून योजनेचं नाव 'पीएम पोषण' आहे. टोप तोच, पळी तीच, पण टोपावर नाव लिहिलेलं नसतं, त्यामुळे त्याला काही करावं लागत नाही.

नावाखाली तक्ता रंगवून घ्या. प्राथमिकच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. अक्षर एवढं मोठं हवं की गाडीतून उतरता उतरता वाचता आलं पाहिजे. त्याखाली बारीक अक्षरात प्राथमिकचं माप: 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. तुमच्या पटावर 20 मुलं असतील (गोव्यात सत्तरी-सांग्याकडच्या एखाद्या वाड्यावर 20 म्हणजे गजबजलेली शाळा) तर रोज 400 ग्रॅम डाळ, किलोभर भाजी आणि 100 ग्रॅम तेल आपल्या दारात यायला हवं. हा गुणाकार चौथीच्या मुलांना उदाहरण म्हणूनसुद्धा घालू नका. तो एकदा झाला की टोपाचं झाकण उघडून बघावंसं वाटतं.

आणि झाकण उघडलंत तर काय दिसेल? वर तिखटाचा लालसर तवंग, त्याखाली हळदीच्या रंगाचं पाणी. पळी तळापर्यंत नेऊन दोनदा फिरवली तर पांढऱ्या वाटाण्यांची भेट होते. एखादी बटाट्याची फोड, सालीसकट. मुलांची याबद्दल काही तक्रार नसते. ती पाव तोडून त्यात बुडवतात, पाव मऊ होतो, पोटात जातो, मग ती आंब्याच्या झाडाखाली खेळायला पळतात. शेवटी वाटीत राहिलेले वाटाणे नळाखाली धुतले जातात, हे तेवढं पथकाला दिसू नये म्हणून नळाजवळ एक बादली ठेवा आणि तिच्यावर 'ओला कचरा' लिहा. तोही एक गुण मिळतो.

टेबलावर वजनकाटा हवाच. सेल नवीन घाला. पाव मात्र काट्यावर ठेवू नका. फुगून दिसणाऱ्यांना वजन विचारू नये, हा व्यवहारातला साधा संकेत आहे.

आता कुणी म्हणेल की भाजी पातळ असली तर दोष आहार शिजवणाऱ्या स्वयंसहाय्य गटाच्या बायकांचा. पथकासमोर असं म्हणायची सोय आहे, खुशाल वापरा. त्या बायका बाजू मांडायला तिथे नसतात, त्या पुढच्या शाळेत टोप पोचवायला गेलेल्या असतात. त्यांचा हिशेब मात्र आपल्यापुरता माहीत असू द्या. केंद्राने 1 मे 2025 पासून ठरवलेला दर प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आहे. धान्य वेगळं मिळतं, राज्य वर आपली भर घालतं, हे खरं. पण डाळ, भाजी, तेल, मसाला आणि गॅस या सगळ्यांनी त्यातच मांडीला मांडी लावून बसायचं. नारळाचा भाव विचारायला हल्ली माडांच्या बागा असलेला भाटकारसुद्धा कचरतो, तिथे गटाने खोबरं कशात घालावं? शिवाय हे पैसे महिना संपला की हातात पडतात असा ज्याचा समज असेल, त्याने गोव्यातली वर्तमानपत्रं वाचणं कधीच सोडलं असावं. बिलं थकली, वाणी उधारी देईना, गटांनी निवेदन दिलं, आश्वासन मिळालं, ही बातमी इतक्यांदा छापून येते की छापणाऱ्याला फक्त वर्ष बदलावं लागत असेल.

त्या दिवशी मात्र बायकांना टोप्या, हातमोजे आणि ॲप्रन द्या. कुठून आणायचे ते तुमचं तुम्ही बघा. तीन घड्या दिसत असल्या तरी चालतील, नवे आहेत हे कळलं की बरं वाटतं. बिलाचा विषय काढू नका एवढं त्यांना बजावा. त्या ऐकतील. थकलेलं बिल ज्याच्या हातात असतं त्याच्यासमोर माणूस फार नम्र असतो.

खरी परीक्षा चव नोंदवहीची. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आहार चाखायचा आणि सही करायची असा नियम आहे. बहुतेक शाळांत सही आधी होते, काही ठिकाणी महिन्याची एकदम होते. तिथेच लोक फसतात. एका बैठकीत सगळं लिहायला बसलात तर समोर दिनदर्शिका ठेवा. नाही तर 3 डिसेंबरला, सेंट झेवियरच्या फेस्ताला, अख्ख्या गोव्याला सुट्टी असताना तुमच्या शाळेत 'भाजी-पाव, चव उत्तम' अशी नोंद सापडायची. 19 डिसेंबरला, मुक्तिदिनी, 'शिरा, चव उत्तम'. रविवारच्या नोंदी तर मी स्वतः पाहिल्या आहेत, एकीत 'मुलांनी आवडीने खाल्ले' असंही होतं. शेरेसुद्धा आलटून पालटून द्यावेत. रोज 'उत्तम' बरं दिसत नाही. महिन्यातून एकदा 'मीठ किंचित कमी' लिहा, म्हणजे बाकीचे दिवस खरे वाटतात. पेनं निदान दोन रंगांची घ्या.

हा रकाना आला कुठून, असं एखादा नवखा शिक्षक विचारतो. त्याला सांगून टाका. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं मेली. ज्या तेलात भाजी केली होती, त्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेलं होतं. भाजीची चव विचित्र लागते असं मुलं म्हणत होती. मोठ्या माणसाने आधी एक घास खावा, मग मुलांनी, यातलं शहाणपण कळायला खरं तर एवढं व्हायला नको होतं. नियम कागदावर त्याआधीही होता. तेव्हा त्या नवख्या शिक्षकाच्या हाती चमचा द्या, आणि तो मुकाट्याने टोपाकडे गेलाच तर त्याला अडवू नका. जुनी माणसं नोंदवही सांभाळतील.

हजेरीपट आणि आहाराचा आकडा यांचंही एकदा जुळवून घ्या. गणेश चवथीच्या सुट्टीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस, गावच्या जत्रेचा दुसरा दिवस, आषाढातला धो धो पावसाचा दिवस: या दिवशी वर्गात निम्मी मुलं असतात, पण ताटं पूर्ण वाढली गेलेली दिसतात. उलटी अडचणही येते. पुलावर पाणी आलं, गाडी आली नाही, आहार पोचला नाही. 2015 चे नियम याबाबतीत कडक आहेत. एखाद्या शालेय दिवशी आहार मिळाला नाही तरी मुलांना अन्न सुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत द्यायचा, आणि सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस मिळाला नाही तर राज्य सरकारने जबाबदारी निश्चित करायची. म्हणून सलग दोन दिवस झाले की तिसऱ्या दिवशी बिस्किटांचे पुडे आणा आणि 'अल्पोपहार' लिहा. आजवर किती मुलांच्या घरी तो भत्ता पोचला, हे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विचारू नका. पालकांना त्याचं नावच माहीत नसतं आणि बैठक लांबते.

परसबाग लागते. आदल्या संध्याकाळी शेजारच्या घरातून तांबड्या भाजीची रोपं मातीसकट आणून ओळीत लावा, पाणी घाला, पाटी ठोका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती माना टाकत नाहीत. पथक साडेअकराला येतं.

मुलांची मात्र तयारी करता येत नाही, हे मान्य करूनच चाला. त्या दिवशी गटाने जीव ओतून भाजी केलेली असते. आळसांदे (म्हणजे चवळी), बटाटा, वर कोथिंबीर, खोबऱ्याचं वाटपसुद्धा घातलेलं. वास वर्गात शिरतो. पथकातल्या बाई पहिलीतल्या मुलीशेजारी वाकून प्रेमाने विचारतात, रोज असंच जेवण मिळतं ना? आणि ती पोर हात वर करून तुमच्याकडे बघत ओरडते, "बाई, आयज भाजयेंत बटाटे आसात!" अशा वेळी 'आज'वर जोर नाही असं दाखवत तुम्हीही हसा. पथक बाहेरगावचं असेल तर बहुधा निभावतं.

मग त्यांना चमचाभर चाखायचा आग्रह करा. ते घेणार नाहीत. एकजण 'नाश्ता उशिरा झाला' म्हणेल, दुसरा 'आज गुरुवार, माझं शिवराक' (म्हणजे शाकाहारी) म्हणून सुटेल, भाजीत आळसांद्यांखेरीज दुसरा जीव नसला तरी. पाहुण्यांची जेवणाची सोय वेगळी करावीच लागते. गुरुवार असला तरी तिथे शीत-कडी आणि तळलेली इसवण (सुरमई) सांगून ठेवा. तिथपर्यंत पोचेस्तोवर वार बदलतो.

अहवाल महिन्या-दोन महिन्यांनी येतो. आहाराबद्दल 'समाधानकारक' असा एक शब्द असतो आणि त्रुटी एकच: 'चव नोंदवहीच्या पानांवर अनुक्रमांक नाहीत.' सात दिवसांत पूर्तता अहवाल तीन प्रतींत मागितलेला असतो. क्रमांक घालायला बसण्याआधी वही एकदा चाळा. पावसाळ्यात गाडी वेळेवर आली नाही तेव्हा मुलांना चणे-कुरमुरे वाटायला मधली काही पानं फाडली होती, ती तुम्हाला आठवतील. ती पानं फाडलीच नव्हती अशा बेताने 1 पासून सलग आकडे घाला. आणि खाली सही करताना तारीख अहवाल यायच्या आधीची टाकू नका.