पेट्रोलमध्ये बुचकळलेला फिल्टर : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मातीत चालवायच्या डर्ट बाईकचा एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा फोम, धुण्याचा मी माझ्या लेखात उगाच बाऊ केलाय, तुम्ही वीस वर्षं तो फोम पेट्रोलमध्ये बुचकळता, कॉम्प्रेसरची हवा मारता, हाताशी असेल ते इंजिन ऑइल लावता आणि आजवर काही झालं नाही, आणि ते स्पेशल फिल्टर ऑइल म्हणजे नुसते पैसे उकळायचे धंदे. राग अजिबात नाही, कारण असं बऱ्याच जणांच्या मनात असतं, तुम्ही लिहिलंत एवढंच.

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगतो. तुम्ही जुन्या यामाहा आरएक्स १०० चं उदाहरण दिलंय, आणि त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच फोमला इंजिन ऑइल लावा असं लिहिलेलं असायचं. डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला ते चालून जातं. पण मी लिहिलं होतं मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरची शर्यत) आणि ट्रेलच्या (कच्च्या पायवाटांवरच्या) गाड्यांबद्दल, जिथे उन्हाळ्यात पुढच्या चार गाड्यांनी उडवलेला फुफाटा तुमची गाडी तासभर सरळ ओढत असते. इंजिन ऑइल पातळ, ते खाली उतरतं. गाडी चार दिवस उभी राहिली की फोमचा खालचा भाग थबथबलेला आणि वरचा कोरडा, आणि कोरड्या फोमची भोकं बारीक धुळीला मोकळं दारच आहे. फिल्टर ऑइल लावताना पातळ असतं कारण त्यात सॉल्व्हंट असतं, ते उडून गेलं की मागे चिकट थर राहतो, धूळ त्यालाच चिकटते. म्हणून लावल्या लावल्या गाडी चालू करायची नाही, थोडा वेळ जाऊ द्यायचा. खर्चाचं म्हणाल तर एक बाटली भरपूर वेळा पुरते, आणि पिस्टन-रिंगचं काम निघालं तर किती जातात हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता पेट्रोलबद्दल, आणि हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा जास्त लिहितो. माझ्याकडे एक सेकंड हँड २५० सीसी फोर स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी होती. मीपण पेट्रोलमध्येच धुवायचो, पटकन साफ होतं, पटकन वाळतं. एका एप्रिलमध्ये ती थंड असताना चालूच होईना, किक मारून मारून पाय दुखायला लागला, ढकलली की मात्र व्हायची. मी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, काही फरक नाही. मेकॅनिकने टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातला गॅप, बघितला तर इनटेकचा (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) गॅप जवळजवळ संपलेला. अशा बऱ्याच गाड्यांना टायटॅनियमचे इनटेक व्हॉल्व्ह असतात, त्यांच्यावरचं कोटिंग अगदी पातळ, धुळीने ते घासलं गेलं की व्हॉल्व्ह सीटमध्ये आत आत बसत जातो आणि नीट बंद होत नाही, मग सिलिंडरमध्ये दाब (कॉम्प्रेशन) कुठून येणार? सिलिंडर उतरवला, आत उभे ओरखडे, नखाला लागत होते. तो एवढंच म्हणाला, "हिने माती खाल्लीये." मग फिल्टर हातात घेऊन उलगडला, तर जोडावरचं ग्लू सुटून दोन बोटं जातील एवढी फट. पेट्रोलने ग्लू सुटतं, फोम फुगतो आणि काही दिवसांनी चुरा व्हायला लागतो. बाहेरून फिल्टर स्वच्छ दिसत होता, हेच मला सगळ्यात जास्त लागलं. आणि पेट्रोलची वाफ किती पटकन पेट घेते हे वेगळं सांगायला नको, घराच्या मोरीत तर हे करूच नका.

तर धुवायचं कसं, पुन्हा सांगतो. फिल्टर क्लीनर नाहीतर रॉकेल, मग कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड, पाणी आतून बाहेर जाऊ द्यायचं म्हणजे माती आतल्या बाजूला ढकलली जात नाही. धोतरासारखा पीळ द्यायचा नाही, दोन तळव्यांत दाबायचं फक्त. कॉम्प्रेसर नको, जोरात हवा मारली की फोम नाहीतर जोड फाटतो. सावलीत पूर्ण वाळवायचा, ओल राहिली तर तिथे ऑइल धरत नाही. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत फिल्टर आणि ऑइल घालून पिशवीतच कणीक मळल्यासारखं मळायचं, हातही राहतो साफ, आणि ऑइल निळं किंवा लाल असलं तर फिकट राहिलेला भाग लगेच दिसतो. कडेला ग्रीसचा बारीक थर, आणि एअरबॉक्स (फिल्टर बसतो तो डबा) पुसताना इनटेकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवायचं. गाडी चालू करायच्या आधी ते काढायला विसरू नका.

"दर राईडनंतर धुवा" ही माझी ओळ मात्र मी मागे घेतो, तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. पावसाळ्यात चिखलातच फिरलात तर धूळ फार नसते, तेव्हा उघडून बघायचं, पाणी गेलंय का ते. उन्हाळ्यात ग्रुपच्या मागे धुळीत चाललात तर एका दिवसातच बदलायला लागतो, वाळवंटातल्या डकार रॅलीत मेकॅनिक बहुतेक रात्री तेच करतात. मी दोन फिल्टर ऑइल लावून पिशवीत घालून सोबत नेतो.

आणि अजून एक चूक माझी. हीरोची एक्सपल्स चालवणाऱ्या एका मित्राने तोच लेख वाचून त्याचा पेपर फिल्टर साबणाने धुवायला घेतला होता, वेळेवर फोन केला म्हणून वाचला. व्हिस्कस पेपर फिल्टर कंपनीतूनच तेलकट येतो, तो धुवायचाही नाही आणि त्यावर हवाही मारायची नाही, मॅन्युअलमधल्या किलोमीटरला किंवा धूळ जास्त असेल तर त्याआधीच सरळ नवीन टाकायचा. लेखात हे वर ठळक लिहायला हवं होतं, आज टाकतोय.

तुमच्या गाडीचं म्हणाल तर पुढच्या वेळी फिल्टर काढलात की तो बाजूला ठेवा आणि इनटेकच्या रबरी नळीत आतून पांढरं फडकं फिरवा. काही न लागता निघालं तर मला सांगा. तपकिरी रेघ आली तर त्याच दिवशी मेकॅनिककडून इंजिन तपासून घ्या.