एका मिनिटात अख्खं ब्रोशर वाचू नका राव

भल्या पहाटे उठून नेटवर्किंग मीटिंगला जाणाऱ्या सगळ्या उद्योजक मंडळींसाठी लिहितोय. एकमेकांना धंदा मिळवून देणारे हे ग्रुप, मग बीएनआय असो नाहीतर आपला सॅटर्डे क्लब, उभं राहून स्वतःबद्दल बोलायला मिळतं मिनिटभर, आणि त्यात लोक काय करतात तर नाव, फर्मचं नाव, स्थापना कधीची, मग सर्व्हिसेसची यादी सुरू, ती संपायच्या आत बेल वाजते. समोरचे तोवर व्हॉट्सॲपवर.

मग कोणीतरी ट्रेनर सांगतो की ऑडियन्सला एंगेज करा. झालं, पुढच्या वेळी गडी ओरडतो “गुऽऽड मॉर्निंग! आवाज नाही आला!” अरे बाबा, चहा अजून घशाखाली उतरला नाहीये, आवाज कुठून येणार. चारोळी म्हणणारे तर वेगळेच.

परवा एक सीए उठल्या. जीएसटी, ऑडिट, रिटर्न यातला एक शब्द नाही. थेट विचारलं, “कोणाकोणाचं पेमेंट ४५ दिवसांच्या वर अडकलंय?” झाडून सगळ्यांचे हात वर, मोबाईल खाली. मग म्हणाल्या, तुम्ही मॅन्युफॅक्चरिंग किंवा सर्व्हिसमध्ये असाल आणि सरकारच्या उद्यम पोर्टलवर मायक्रो किंवा स्मॉल म्हणून नोंदणी असेल, तर मुदतीत पैसे न देणाऱ्या पार्टीला इन्कम टॅक्स भरताना तुमचं बिल त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येतं, हे त्याला एकदा मेलवर लेखी कळवा. बास, खाली बसल्या. चहाच्या वेळी त्यांच्याभोवती ही गर्दी!

माझं म्हणणं एवढंच की प्रश्न विचारायचा तर असा विचारा ज्याचं उत्तर समोरच्याच्या खिशाशी किंवा डोकेदुखीशी जोडलेलं आहे. “तुम्हाला यशस्वी व्हायचंय का” याला काय उत्तर देणार कोणी, कपाळ?

आणि दुसरं, समोर बसलेले सगळे काही तुमचे गिऱ्हाईक नसतात, ते तुमचं नाव मेव्हण्याला, शेजाऱ्याला सांगणारे लोक असतात. “कोणालाही गरज असेल तर कळवा” म्हटलं की डोळ्यासमोर कोणीच येत नाही. त्यापेक्षा आमचा वॉटरप्रूफिंगवाला बघा, एप्रिलमध्ये उभा राहून म्हणतो, “वरच्या मजल्यावर पावसाळ्यात बादल्या ठेवणारी सोसायटी माहितीये? तिच्या सेक्रेटरीचा नंबर द्या.” लगेच दोघं-तिघं कॉन्टॅक्ट लिस्ट चाळायला लागतात!

हां, आणि नाव शेवटी परत एकदा सांगा. सुरुवातीला सांगितलं तेव्हा अर्धा हॉल उपम्यात होता.