आउटबोर्डच्या ब्रॅकेटला गेलेली चीर ‘टाका मारून’ जात नाही

गोव्यात शिडाच्या जुन्या बोटी बाळगणाऱ्यांच्यात सध्या एक मजकूर फिरतोय, आणि फिरत फिरत तो आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीपर्यंत आलाय. सांगणं थोडक्यात असं: आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लटकणारं इंजिन. ते ज्यावर बसतं त्या ॲल्युमिनियमच्या, चार दांड्यांच्या ब्रॅकेटला तडा गेला तर नवीन मागवून पैसे घालवू नका. चीर बारीक असेल तर एपॉक्सी पुट्टी भरा. मोठी असेल तर चोर्ला घाट चढून बेळगावला या आणि कुठल्याही आर्गनवाल्याकडून (आर्गन वायूच्या आडोशात वेल्डिंग करणाऱ्याकडून) टाका मारून घ्या, कारण वेल्डिंगचा जोड मूळ धातूपेक्षा मजबूत असतो. बुलेटचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, जोडता येतो, मग हे काय? शिवाय खात्रीसाठी वरून स्टेनलेसची पट्टी बोल्टनं आवळा.

यात बेळगावच्या कारागिरांवर विश्वास आहे, तो मला मोलाचा वाटतो. म्हणूनच हा सल्ला आमच्या गावाच्या नावावर खपू नये असंही वाटतं. नदीच्या तोंडाशी वारा पडला, ओहोटी लागली आणि बोट वाळूच्या दांड्याकडे ओढली जाऊ लागली की माणसाच्या हाती फक्त ते इंजिन असतं. ते ज्या ब्रॅकेटवर लटकतं तो त्याच वेळी सगळ्यात जास्त ताण खात असतो.

पुट्टीचं आधी बघू. एपॉक्सीचा ताठपणा साधारण ३ गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. म्हणजे भार आला की तो पुट्टीतून जवळजवळ जातच नाही, शेजारच्या शाबूत धातूतूनच जातो आणि चिरेचं टोक पुढं सरकत राहतं. पुट्टीनं एवढंच होतं की चीर दिसायची बंद होते. बोटीवर याहून वाईट काही नाही.

‘जोड मूळ धातूपेक्षा मजबूत’ हे वाक्य खोटं नाही, पण ते साध्या माइल्ड स्टीलचं आहे. गेट, ट्रॉली, शेडच्या कैच्या जोडणाऱ्यांकडून ते आलंय आणि तिथं ते बरोबरच आहे. ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. ६०६१-टी६ या नेहमीच्या मिश्रधातूची ताणाची ताकद सुमारे ३१० मेगापास्कल असते, पण वेल्डिंगनंतर जोडालगत हिशोबात धरायची ती १६५च्या आसपास. टी६ म्हणजे भट्टीत तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा हलकं तापवून आणलेली ताकद, आणि आर्गनची आच लागली की ती तिथल्या तिथं उतरते. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, एलएम २५ टी६ हा मिश्रधातू असेल तरी तेच. मग पुढची चीर टाक्यावर न येता टाक्याच्या कडेला येते, आणि मालक म्हणतो, ‘जोड तर मजबूत निघाला, धातूच खराब होता.’

त्यातून काही जुने ब्रॅकेट प्रेशर डायकास्टिंगचे, म्हणजे वितळलेला धातू दाबानं साच्यात मारून केलेले असतात. त्यांच्या पोटात वायू कोंडलेला असतो. आर्क लागला की धातू फसफसतो आणि टाका स्पंजासारखा होतो. चिरेत मुरलेलं मीठ आणि तेल राहिलं तर चांगल्या कास्टिंगलाही ब्लोहोल (वायूची भोकं) येतात. शिवाय ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर २०००च्या वर. तो थर काढल्याशिवाय, एसी करंट नीट लावल्याशिवाय वरून शिवण सुंदर दिसते आणि खाली चीर तशीच राहते. ‘कुठलाही आर्गनवाला’ हे शब्द म्हणूनच मला सगळ्यात धोक्याचे वाटतात.

आता क्रँककेस. तो बहुतेक वेळा दगड लागून फुटतो आणि जोडताना प्रश्न असतो तेल गळू नये एवढाच. ब्रॅकेट ठोकर लागून क्वचितच जातो. ब्रॅकेटचा तुटलेला दांडा हातात घेऊन उजेडात धरा. बोल्टच्या भोकापाशी किंवा आतल्या कोपऱ्यात एक भाग काळपट, गुळगुळीत दिसेल, त्यावर एकामागं एक बारीक वक्र रेघा. उरलेला भाग चकचकीत, दाणेदार. काळपट भागात चीर कितीतरी आधीपासून सरकत होती. चकचकीत भाग शेवटच्या दणक्यात गेला. तार हातानं मागंपुढं वाकवून तोडावी तसं हे तुटणं आहे. स्टीलला एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते टिकतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, आणि लाटेवरचा हर हिसका तिथं मोजला जातो.

स्टेनलेसची पट्टी भार उचलते खरी, पण जिथं ती संपते तिथं सगळा ताण एकदम ॲल्युमिनियमवर पडतो. नवी चीर तिथल्याच भोकातून निघते. खाऱ्या पाण्यात दोन धातू अंगाला अंग लावून बसले की ॲल्युमिनियम झिजतं, बोल्टभोवती पांढरी भुकटी जमते. आधार द्यायचाच तर ५०८३ या खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या मिश्रधातूची ॲल्युमिनियम प्लेट घ्या, आणि स्टेनलेस बोल्टांना नायलॉनचे वॉशर आणि सीलंट हवेतच.

मजकुरात सगळ्यात मोठी उणीव मात्र दुसरीच आहे: चीर का गेली, हे कुणी विचारलेलंच नाही. जुना ब्रॅकेट जुन्या टू-स्ट्रोकसाठी घेतलेला असतो. ८ ते १० अश्वशक्तीचं ते इंजिन ३०-३५ किलोच्या आतबाहेर. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ४०-४५च्या घरात जातं, इलेक्ट्रिक स्टार्ट असेल तर आणखी वर. दुसरं कारण ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची भिंत. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा हे हलकं लाकूड असतं, आणि बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते कुजतं. प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत जा: कोरडी जागा टणटणते, भिजलेली बद्द वाजते. बद्द वाजली तर ब्रॅकेट रोज तिथं डुलतोय. भोकं मोठी करून, ओला भाग खरवडून, वाळवून, एपॉक्सीनं भरून पुन्हा पाडायची आणि आतून रुंद प्लेट द्यायची. हे केलं नाही तर नवाकोरा ब्रॅकेटही तडकेल.

मजकुरातली एक गोष्ट मला मान्य आहे. परदेशी ब्रॅकेट मागवलाच पाहिजे असं नाही. पण बेळगावला यायचं ते टाक्यासाठी नको, नवा दांडा करून घ्यायला या. इथं पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) करणारे आहेत, फाउंड्र्या आहेत. फक्त जुना दांडाच पॅटर्न म्हणून वाळूत दाबू देऊ नका. ॲल्युमिनियम थंड होताना सुमारे १.३ टक्के आकसतं, मग भोकं जुळत नाहीत. ५०८३च्या प्लेटमधून कापून केलेला दांडा तर अनेकदा जास्त सोपा पडतो.

जुनाच जोडायचा असेल तर कास्टिंग कुठलं आहे ते आधी कळू द्या. गरम पाण्यानं आणि डिग्रीझरनं धुऊन डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत मुरणारा रंग, मारा. लाल रंग पांढऱ्या डेव्हलपरवर उमटतो आणि चिरेचं खरं टोक दिसतं, बहुतेक वेळा डोळ्याला दिसतं त्याच्या पुढं. तिथं भोक पाडा, कार्बाइडच्या बरनं (ग्राइंडरला लावायच्या दातेरी टोकानं) चीर पूर्ण उघडा, ४०४३ची फिलर, म्हणजे जोडात वितळवायची ॲल्युमिनियमची कांडी, वापरून जोडा, थंड झाल्यावर पुन्हा डाय मारा. असा ब्रॅकेट हलक्या इंजिनालाच द्या, आणि इंजिनाला बोटीशी वेगळी दोरी बांधलेली असू द्या.

येताना एकटा तडकलेला दांडा पिशवीत घालून आणू नका. चारही दांडे, स्प्रिंग, फळी, बोल्ट असा पूर्ण ब्रॅकेट आणा, इंजिनाचं वजन लिहून आणा आणि ट्रान्समचे आतून-बाहेरून फोटो काढून आणा.