मालवण कॅम्पर ट्रिपच्या दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. रिव्ह्यू परवा रात्रीच वाचला, पण लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी गाडी उघडून बघायची होती आणि ज्या पोरानं तुम्हाला गाडी ताब्यात दिली त्याच्याशी बोलायचं होतं. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. दादा, वहिनी, दोन मुलं आणि आई असे पाच जण मे महिन्यात आमची कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, भाड्यानं घेऊन कोल्हापूरहून मालवणला तीन रात्री गेले होते. त्यांचं म्हणणं असं की एसी रात्री दोनला बंद पडला, दुसऱ्याच दिवशी पाणी संपलं, घाटात ब्रेकचा जळका वास आला, समुद्रकाठचा रस्ता सांगितला पण निम्म्या वाटेत समुद्र दिसलाच नाही, आणि वर डिपॉझिटमधनं 8,400 रुपये कापले.

एसीची चूक आमची, शंभर टक्के. गाडीत 200 एएचची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे साधारण अडीच युनिट वीज, आणि एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो, त्यामुळं रात्रभर एसी पाहिजे तर बाहेरनं लाईट जोडायलाच लागते. त्यासाठी 25 मीटरची केबल गाडीत असते. तुमच्या गाडीत ती नव्हतीच, 10 मीटरची होती, लांबवाली दुसऱ्या गाडीत गेलेली आणि निघताना कुणी बघितलं नाही. तुम्ही गाडी माडाखाली लावलेली, 15 अँपिअरचा प्लग पार होमस्टेच्या पडवीच्या आतल्या भिंतीला, केबल पायरीपर्यंतच पोचली. साडेअकराला लावलेला एसी दोनला बंद पडणारच होता. मेमधला मालवणचा उकाडा, खिडकी उघडावी तर डास, आणि आई उरलेली रात्र पडवीत खुर्चीवर बसून होत्या हे तुम्ही लिहिलंय ते वाचून लय वाईट वाटलं. माझी आईपण त्याच वयाची आहे. त्या रात्रीचं पूर्ण भाडं 7,500 परत करतोय.

आता समुद्राचं. हे मला जास्त लागलं, कारण हा धंदा मी त्या रस्त्यासाठीच चालू केलाय. तुम्ही मॅपवर डायरेक्ट मालवण टाकलं, मग त्यानं तुम्हाला गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी करून तळेऱ्याला काढलं आणि तिथनं सरळ मुंबई-गोवा हायवेनं कणकवली, कसाल करत मालवणात सोडलं. हायवे आहे मस्त, पण तो समुद्रापासून बराच आत आहे, तिथनं समुद्र दिसत नाही. आपला रस्ता वेगळा आहे. तळेऱ्यानंतर नांदगाव तिठ्यावर हायवे सोडायचा, उजवीकडं शिरगाववरनं देवगड, मग तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल ओलांडून कुणकेश्वर, पुढं मिठबाव, आचरा, आणि मग मालवण. वेळ जास्त लागतो, रस्ता अरुंद आहे, मध्ये मध्ये खाडी आली की रस्ता आत वळतो आणि थोडा वेळ नुसते माड, आंब्याच्या बागा आणि चिऱ्याचे गडगे दिसतात, त्यामुळं सलग समुद्र तिथंही नाही हे मान्य. पण कुणकेश्वराचं देऊळ आहे ते अगदी वाळूला लागून, संध्याकाळी मागच्या बाजूला उभं राहिलं की लाटेचा आवाज आणि देवळातली घंटा एकाच वेळी कानावर येते. तुमची मुलं तिथं पोचलीच नाहीत ह्याचं मला मनापासून वाईट वाटतंय. किल्ली देताना हा रस्ता समजावून सांगायचं काम आमचं होतं, आमच्या पोरानं फक्त "फुलेवाडीतनं बाहेर पडा, बालिंगा, कळे, सरळ गगनबावडा" एवढंच सांगितलं. आता प्रत्येक गावाचा पिन टाकून रूट आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवतोय.

डिपॉझिटच्या बाबतीत मात्र मी थोडा ठाम आहे दादा, राग मानू नका. मालवणजवळ तोंडवळीच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत नेली, ती एक्सलपर्यंत रुतली, आणि भरती चढायला लागलेली. गाडी वाळूत घालायची नाही हे करारात आहे आणि स्टेअरिंगच्या वर मराठीत स्टिकरपण आहे. वाळू वरनं ओली, कडक वाटते, पण भरलेली गाडी तीन टनाच्या वर जाते आणि मागं जोडटायर, एकदा चाक फिरायला लागलं की तुम्ही जेवढा अॅक्सिलरेटर दाबाल तेवढं ते खड्डा खणत जातं. ओहोटीनंतर सहा-सव्वासहा तासांत पूर्ण भरती येते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण असलं की पाणी आणखी वर चढतं. ट्रॅक्टरवाला वेळेत आला म्हणून निभावलं. त्याचे 3,000 आम्ही इथनं पाठवले. गाडी परत आल्यावर कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजला सगळी चाकं उतरवली, मागच्या ब्रेकच्या ड्रममधनं मूठभर काळी वाळू निघाली, बेअरिंगचं ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं म्हणजे पाणी आत गेलेलंच. खारं पाणी तसंच ठेवलं तर बेअरिंग जातंय, म्हणून धुऊन, नवीन ग्रीस भरून 4,200 बिल झालं, फोटो आणि बिल तुम्हाला पाठवलंय. आणि पैशाचं सोडा, कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, मेपर्यंत उशिराच्या घरट्यांतनं पिल्लं निघत असतात. तिथं गाडीचं चाक जायलाच नको, मग ती माझी असू दे नाहीतर कुणाची. राहिलेले 1,200 "क्लीनिंग चार्ज" म्हणून कापलेत ते चुकीचं आहे, धुण्याचे पैसे बिलात आधीच आलेत. ते परत.

पाणी. टाकी 80 लिटरची आहे हे सांगितलं होतं, पण 80 लिटर म्हणजे किती हे सांगितलं नाही. शॉवर पाच मिनिटं चालू ठेवला तर 25-30 लिटर जातंय, पाच जणांत टाकी एका सकाळीत रिकामी. होमस्टेवाल्या काकांनी टाकी भरून दिली नाही असं तुम्ही लिहिलंय, पण त्यांच्यावर राग धरू नका. पावसात एवढं पडतं तिथं, तरी मेमध्ये विहिरी तळाला जातात, त्यांचं स्वतःचंच पाणी मोजून वापरणं चाललेलं असतं. सोय आम्ही करायला पाहिजे होती. आता देवगडात एका ओळखीच्या पंपावर टाकी भरून मिळेल असं बोलून ठेवलंय.

ब्रेक परत तपासले, लायनर वरनं चकाकलेत पण फेल काही नाही. करूळ उतरताना पाय सारखा ब्रेकवर राहिला की ते तापतात आणि वास येतो. जुने ड्रायव्हर सांगतात तसं, ज्या गिअरात घाट चढला असता त्याच गिअरात उतरायचा, दुसरा नाहीतर तिसरा, आणि ब्रेक टप्प्याटप्प्यानं. वास आल्यावर वहिनींनी गाडी बाजूला घ्यायला लावून वीस मिनिटं थांबवलं हे एकदम बरोबर केलं, गरम ड्रमवर पाणी मारलं नाही हेपण बरं झालं.

तर 7,500 अधिक 1,200, एकूण 8,700 आज दुपारी तुमच्या यूपीआयवर पाठवलेत, मिळाले की कळवा. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, तुम्हाला जसं वाटलं तसं तुम्ही लिहिलंय. आणि फ्रिजच्या दारात आईंची कांदा-लसूण चटणीची बरणी राहिलीय, स्टीलचं झाकण, वर नाव कोरलेलं. फ्रिजमध्येच ठेवलीय, रविवारी पोराबरोबर घरी पाठवून देतो, तेवढं सकाळी कोण घरी असेल ते सांगा.